नाळेच्या वाटेने

पावसाळा ओसरू लागला की आमच्या वसईच्या गावागावांतून एक इंग्रजी शब्द अस्सल मराठी होऊन हिंडू लागतो. रविवारची मिस्सा आटोपून चर्चच्या आवारात रेंगाळणारी माणसे एकमेकांना विचारतात, "मुलाच्या प्लेटलेट किती आल्या?" डेंग्यूच्या तापाने हा शब्द आजीपासून नातवापर्यंत सर्वांच्या तोंडी बसवला आहे. आकडा लाखाच्या वर असला की ऐकणाऱ्याचा चेहरा सैल होतो; वीस हजार म्हटले की तो छातीवर क्रुसाची खूण करतो.

शाळेच्या पुस्तकांत या प्लेटलेटना रक्तपट्टिका म्हणतात. अस्थिमज्जेतील प्रचंड पेशींचे हे बारीकसे तुकडे. इटलीतील तुरीन शहरी जुलिओ बित्सोझेरो या शास्त्रज्ञाने १८८२ साली त्यांचे कार्य जगापुढे मांडले. रक्तवाहिनीला कोठे चीर पडली की हे तुकडे धावून जातात, एकमेकांना बिलगतात आणि भगदाड बुजवतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका सूक्ष्म थेंबात, म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये, त्यांची संख्या दीड लाख ते साडेचार लाख असते. त्यांचे आयुष्य अवघे आठ-दहा दिवसांचे. जुन्या जातात, नव्या येतात, आणि आपल्याला त्याची खबरही नसते. त्यांची संख्या फार घटली, तर मात्र कोणताही मार न लागता अंगावर टाचणीच्या टोकाएवढे तांबडे-जांभळे ठिपके उमटू लागतात.

या ठिपक्यांना वैद्यकाने लॅटिन भाषेतून 'परप्युरा' हे नाव दिले आहे. समुद्रातील एका जातीच्या शंखापासून प्राचीन लोक जो मौल्यवान जांभळा रंग काढीत, त्या रंगाचे हे नाव. उपवासकाळात आपले धर्मगुरू वेदीवर जो जांभळा झगा घालतात आणि दुःखसहनाच्या आदल्या घटकांत शिपायांनी आपल्या प्रभूला थट्टेने जे वस्त्र पांघरले, त्यांचा रंग याच कुळातला. हा शब्द आम्ही प्रथम वाचला तो रुग्णालयाच्या कागदावर, २०१४ साली, आणि तोही आमच्या तीन दिवसांच्या मुलीच्या नावापुढे.

आम्ही दोघे, त्या मुलीचे आई आणि बाप, हे लिहीत आहोत. त्या दिवसांत आमच्या घरी एक प्रश्न उंबरठा ओलांडून आला आणि बराच काळ मुक्काम ठोकून राहिला. हे बाळाला कोणामुळे झाले, असा तो प्रश्न. अशा दुखण्याची बाळे पुष्कळ नसतात. परंतु हा प्रश्न मात्र प्रत्येक आजारी बाळाच्या घरी जातो. त्याचे उत्तर आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना ठाऊक असावे, असे आम्हाला वाटते.

गर्भारपणी केलेल्या रक्ततपासणीत रक्तपट्टिका ६२,००० निघाल्या. जुलै महिना होता. साहजिकच सर्वांना प्रथम डास आठवला; परंतु ताप नव्हता, आणि डेंग्यूची तपासणीही निर्दोष आली. गर्भारपणी हा आकडा थोडासा उतरणे अगदी सामान्य आहे. शंभरातील पाच ते दहा गर्भवतींत तो थोडाफार उतरतो, बाळंतपणानंतर आपोआप वर येतो आणि त्यापासून आईला वा बाळाला काही अपाय होत नाही. म्हणून एवढ्याशा घटीने कोणी घाबरून जाऊ नये. रक्तदाब वाढल्यानेही आकडा घसरतो. तेथे मात्र विलंब न करता उपचार लागतात. आमच्या बाबतीत रक्तदाब योग्य होता आणि घट सामान्याहून अधिक होती. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासले, आकडा तेथेच. तेव्हा मुंबईच्या रक्तविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे आम्हाला पाठवण्यात आले. सर्व कागद पाहून, इतर कारणे एकेक बाजूला सारून त्यांनी निदान केले: 'आयटीपी'. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तपट्टिकांना परके समजून त्यांच्यावर प्रतिपिंडे सोडते, आणि ती प्रतिपिंडे चिकटलेल्या रक्तपट्टिका पानथरीत नेऊन नष्ट केल्या जातात, असा हा विकार.

डॉक्टरांनी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. पहिली, आईचा आकडा पन्नास हजारांच्या वर राखला तर बाळंतपण सुखरूप होऊ शकते; त्यासाठी शेवटच्या महिन्यांत गोळ्या घ्याव्या लागतील. दुसरी गोष्ट त्यांनी अधिक सावकाश सांगितली. आईची ही प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात जातात. बाळाच्या रक्तपट्टिका त्यामुळे घटतील की नाही, घटल्या तर किती, हे आईच्या आकड्यावरून सांगता येत नाही. बहुतेक बाळांना काहीच होत नाही. थोड्यांचा आकडा बराच उतरतो, आणि गंभीर रक्तस्राव तर फारच क्वचित, शंभरात एखाद्या बाळालाही होत नाही. मात्र आकडा सर्वांत खाली जातो तो जन्मानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत. म्हणजे बाळंतीण पेढे वाटून घरी जायला निघते, नेमक्या त्या वेळी.

आता ही प्रतिपिंडे बाळापर्यंत जातातच कशाला? या प्रश्नाने आम्हाला जेवढे विचारात पाडले, तेवढे दुसऱ्या कशानेही नाही. आई आणि बाळ यांची रक्ते एकमेकांत मिसळत नाहीत. मध्ये वार असते. तरीही आईची आयजीजी जातीची प्रतिपिंडे पलीकडे नेण्याची खास सोय वारेच्या पेशींत आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ही वाहतूक सुरू होते आणि शेवटच्या महिन्यांत इतकी वाढते की दिवस भरलेल्या बाळाच्या रक्तात ही प्रतिपिंडे आईपेक्षाही अधिक आढळतात. आईने लहानपणी सोसलेला गोवर, तिने घेतलेली धनुर्वाताची लस, या साऱ्यांची शिदोरी बाळाला जन्माआधीच मिळते. त्या बळावर ते पहिले काही महिने तग धरते. परंतु खाडीवरचा होडीवाला उतारूंना त्यांचा हेतू विचारीत नाही. रक्षण करणारी प्रतिपिंडे ज्या होडीतून पैलतीरी जातात, तिच्यातूनच चुकलेली प्रतिपिंडेही जातात. वाट एकच आहे. ती बंद असती तर आमचे बाळ या दुखण्यापासून वाचले असते आणि पहिल्या हिवाळ्यातील साध्या पडशालाही तोंड देताना उघडे पडले असते.

मुलगी सप्टेंबरात, दिवस भरून, नैसर्गिक प्रसूतीने जन्मली. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायचा नाही, हे आधीच ठरले होते, कारण त्यामुळे बाळाच्या डोक्याला इजा होऊ शकते. नाळेतील रक्त तपासले तेव्हा आकडा ९०,००० होता. तो कळेपर्यंत स्नायूत द्यायचे इंजेक्शनही थांबवून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी ४१,०००. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ घालणाऱ्या परिचारिकेला बाळाच्या पोटावर आणि मांड्यांवर ठिपके दिसले. दुपारी आकडा आला १७,०००.

मुलीला काचेच्या पेटीत ठेवले. डोक्याची सोनोग्राफी झाली. मेंदूत रक्तस्राव नव्हता. डॉक्टरांनी इम्युनोग्लोब्युलिन हे औषध शिरेतून सुरू केले आणि सांगितले की त्याचा गुण दिसायला एक-दोन दिवस लागतील. तोवर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती थोडी का होईना, आहे. ती रात्र आमच्यापैकी एकाने व्हरांड्यातील बाकावर काढली आणि दुसरीने वरच्या मजल्यावरील खाटेवर, पान्हा फुटलेला आणि बाळ जवळ नाही अशा अवस्थेत.

त्या रात्री बाप्तिस्म्याचा विचार दोघांच्याही मनात एकाच वेळी आला, आणि तो उच्चारायला दोघेही कचरत होतो. उच्चारला तर जणू आशा सोडली असे होईल, असे वाटत होते. बाळाच्या आजीने तो धीटपणे उच्चारला. प्राणसंकट असेल तर योग्य हेतूने कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण तिने लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली होती आणि साठ वर्षांनी ती तिला शब्दशः आठवत होती. धर्मगुरूंना निरोप धाडला होता. परंतु रात्र पावसाची होती, आणि रुग्णालय गावापासून दूर. विभागातील परिचारिका आमच्या धर्माची नव्हती. तिने आमचे म्हणणे शांतपणे ऐकले, डॉक्टरांना विचारून आली आणि एका लहान सिरिंजमध्ये निर्जंतुक पाणी भरून बापाच्या हाती दिले. पेटीची गोल खिडकी तिने उघडून धरली. हात आत गेला, तीन वेळा थोडे थोडे पाणी कपाळावरून ओघळले आणि ठरवून ठेवलेले नाव प्रथमच मोठ्याने उच्चारले गेले. परिचारिकेने कापसाने कपाळ टिपले आणि कागदावर वेळ लिहून ठेवली. आमचा हा विधी तिच्या लेखी औषधाच्या मात्रेइतकाच नोंदण्याजोगा होता, याचे आम्हाला आजही अप्रूप वाटते.

पाचव्या दिवशी आकडा चढू लागला. दहाव्या दिवशी मुलगी घरी आली. आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळाच्या शरीरात नवी तयार होत नाहीत. साधारण तीन आठवड्यांत ती निम्मी होतात, आणखी तीन आठवड्यांत त्याच्या निम्मी. दोन महिन्यांनी मुलीच्या रक्तपट्टिका पूर्ववत झाल्या आणि पुन्हा कधी उतरल्या नाहीत. पुढे चर्चमध्ये तेलाभ्यंग, शुभ्रवस्त्र आणि मेणबत्ती हे राहिलेले विधी झाले आणि नोंदवहीत नाव चढले.

परंतु या दोन महिन्यांत बाळाची आई मात्र घटत गेली. भेटीला येणारी माणसे मायेची होती. कोणी कोंबडीचा रस्सा आणी, कोणी पपईच्या पानांचा रस. आणि जाता जाता एखादी आत्या हळूच म्हणे, "आईचंच रक्त पोरीला बाधलं गं बाई." दुसरी विचारी, गर्भारपणी ग्रहण पाळले होते का. तिसरीला शंका, की आता दूध पाजावे की नाही, दुधातून आणखी काही जाईल. यांतील एकही बाई दुष्ट नव्हती. दुःखाला कारण सापडले की ते आटोक्यात आल्यासारखे वाटते, आणि कारण म्हणून समोरचे माणूस सर्वांत सोयीचे असते. दूध पाजण्याविषयी आम्ही डॉक्टरांना विचारले. त्यांनी निःशंकपणे पाजायला सांगितले आणि बाळाचा आकडा वेळोवेळी पाहत राहू म्हणाले. पण "आईचे रक्त बाधले" या वाक्याला त्यांच्याकडे औषध नव्हते. ते आम्हाला पुस्तकांतून शोधावे लागले.

शोधताना आम्हाला विल्यम हॅरिंग्टन भेटले. १९५० साली अमेरिकेतील सेंट लुईस शहरातील बार्न्स रुग्णालयात ते शिकाऊ डॉक्टर होते. तोपर्यंत या विकाराचे कारण कोणालाच कळले नव्हते. प्राग येथील पॉल काझ्नेल्सन या वैद्यकीय विद्यार्थ्याने १९१६ साली पानथरी काढण्याचा उपाय सुचवला होता आणि त्याने गुणही येई. परंतु रक्तपट्टिका मुळात तयारच होत नाहीत की तयार होऊन नष्ट होतात, हा वाद मिटला नव्हता. हा विकार असलेल्या मातांची बाळे काही दिवस तसेच ठिपके घेऊन जन्मतात आणि पुढे बरी होतात, ही गोष्ट मात्र डॉक्टरांनी पाहून ठेवली होती. आईच्या रक्तातून काहीतरी बाळात उतरते आणि काही काळाने ओसरते, असा तिचा अर्थ होत होता. हॅरिंग्टन आणि त्यांचे सहकारी जेम्स हॉलिंग्जवर्थ यांनी ठरवले, की ज्याचा रक्तगट रुग्णाशी जुळेल त्याने तिचे रक्त स्वतःच्या शरीरात घ्यायचे. हॅरिंग्टन यांचा जुळला. काही तासांतच त्यांच्या रक्तपट्टिका जवळजवळ नाहीशा झाल्या, अंगावर ठिपके उमटले, त्यांना झटकाही आला. पाच-सहा दिवसांनी ते पूर्ववत झाले. त्यांची अस्थिमज्जा तपासली तेव्हा तेथे रक्तपट्टिका घडवणाऱ्या पेशी शाबूत होत्या. म्हणजे कारखाना चालू होता. माल वाटेत नष्ट होत होता. पुढे इतर सहकाऱ्यांनीही तोच प्रयोग स्वतःवर करून घेतला. १९५१ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि रक्तातील एक घटकच हे करतो हे सिद्ध झाले.

असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि तेच योग्य आहे. परंतु आमच्या मुलीच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टर सावध होते, त्याचे मूळ त्या माणसाने स्वतःच्या दंडात घेतलेल्या रक्तात आहे. या विकाराच्या नावात पूर्वी 'इडिओपॅथिक', म्हणजे 'अज्ञात कारणाचा', असा शब्द होता. २००९ साली तज्ज्ञांनी तो काढून त्या जागी 'इम्यून', म्हणजे प्रतिकारशक्तीशी संबंधित, हा शब्द घातला. अज्ञानाचा शब्द विज्ञानाने आपल्या वहीतून खोडला. आपल्या ओसरीवरून मात्र तो अजून जायचा आहे.

या विकाराचा एक चुलतभाऊही आहे, आणि दोषाचा प्रश्न त्याच्यापाशी अधिकच विचित्र होऊन उभा राहतो. त्यात आईला काहीही झालेले नसते. तिचा आकडा उत्तम असतो. बाळाच्या रक्तपट्टिकांवर बापाकडून आलेली एक खूण असते, जी आईच्या रक्तात नसते. आईचे शरीर त्या खुणेला परके समजते आणि तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे घडवते. युरोपीय वंशाच्या लोकांत यासंबंधात सर्वाधिक महत्त्वाची खूण प्रथिनाच्या शेकडो दुव्यांच्या साखळीत केवळ तेहतिसावा दुवा वेगळा असल्याने घडते. नॉर्वेमध्ये १९९५ ते २००४ या काळात एक लाखाहून अधिक गर्भवतींची तपासणी झाली. तेव्हा शंभरात सुमारे दोघींच्या रक्तात ही खूण नसल्याचे आढळले, आणि त्यांच्यापैकी सुमारे दहांतील एकीत तशी प्रतिपिंडे सापडली. आपल्या भारतीय लोकांत ही खूण नसलेल्या स्त्रिया विरळ; परंतु इतर खुणांमुळे हे दुखणे आपल्याकडेही होऊ शकते. पहिल्याच बाळाला ते होऊ शकते, आणि मेंदूतील रक्तस्राव कधी कधी जन्मापूर्वी, गर्भातच घडून जातो. एका बाळाला असे झाले असेल तर पुढच्या गर्भारपणी आईला इम्युनोग्लोब्युलिन देऊन बाळाचे रक्षण करता येते, अमेरिकेतील डॉ. जेम्स बसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली ही वाट दाखवून दिली. म्हणून ज्या घरी नवजात बाळाला असे ठिपके उमटले असतील, त्या घराने पुढच्या खेपेस ती हकिकत डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावी.

आता या दुसऱ्या विकारात दोष कोणाचा म्हणायचा? खूण देणाऱ्या बापाचा, की ती न ओळखणाऱ्या आईचा? बापाने ती आपल्या आईबापांकडून घेतली, त्यांनी त्यांच्याकडून. परक्याला ओळखून त्याच्याशी झुंजणे हे तर आईच्या शरीराचे कामच. तेच काम ते गोवराच्या बाबतीत करते तेव्हा आपण देवाचे आभार मानतो. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांच्या मनात पहिला प्रश्न आला तो पापाचा: त्याचे, की त्याच्या आईबापांचे? योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात प्रभू ते दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसासाठी काय करायचे आहे त्याकडे वळतो. हा उतारा आम्ही कितीदा ऐकला असेल. त्या वर्षी उपवासकाळात तो वाचला गेला, तेव्हा मांडीवर सहा महिन्यांची मुलगी होती आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही, कारण पाहिले असते तर डोळे आवरले नसते.

आणखी एक गोष्ट आम्हाला पुस्तकांतूनच कळली आणि तिने "आईचे रक्त बाधले" हे वाक्य आमच्यापुरते कायमचे पुसले. मुलीला जे औषध दिले ते कोठून आले? इम्युनोग्लोब्युलिन कोणत्याही कारखान्यात रसायनांपासून घडत नाही. हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून त्यांची प्रतिपिंडे वेगळी काढून ते तयार करतात. म्हणूनच ते इतके महाग असते. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी पॉल इम्बाख या बालरोगतज्ज्ञांनी ते या विकाराच्या मुलांना देऊन पाहिले, आणि रक्तपट्टिका वाढतात हे १९८१ साली जगाला कळवले. एका माणसाच्या प्रतिपिंडांनी जे बिघडवले, ते हजारो अनोळखी माणसांच्या प्रतिपिंडांनी सावरले. त्या बाटलीत कोणाकोणाच्या शरीराचा अंश होता, कोणत्या देशाचा, कोणत्या धर्माचा, हे आम्हाला कधीच कळणार नाही. संतांच्या समागमावर आपली श्रद्धा आहे, असे आपण दर रविवारी म्हणतो. दिसत नसलेल्या माणसांचे पुण्य आपल्या कामी येते, हा त्याचा अर्थ धर्मशिक्षणात आम्ही शिकलो होतो. एका चिमुकल्या शिरेतून तो थेंबथेंब उतरताना पाहिला.

आईबाळाच्या रक्तातील अशाच एका विसंगतीची गोष्ट आपल्या बायकांना परिचयाची आहे. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर तिचे शरीर बाळाच्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे घडवू शकते आणि ती पुढच्या बाळाला घातक ठरतात. ते टाळण्यासाठी अँटी-डी हे इंजेक्शन गर्भारपणी अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत देतात. ते इंजेक्शनही माणसांच्याच रक्तद्रवातून बनते. ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन यांना वयाच्या चौदाव्या वर्षी मोठ्या शस्त्रक्रियेत परक्यांचे रक्त मिळाले होते. अठरा वर्षांचे होताच आपण ते परत करू, असा शब्द त्यांनी दिला. त्यांच्या रक्तात हे दुर्मीळ प्रतिपिंड विपुल असल्याचे पुढे आढळले. १९५४ ते २०१८ या काळात त्यांनी १,१७३ वेळा रक्त व रक्तद्रव दिला. सुईची त्यांना भीती वाटे. सुई टोचताना ते कधीच तिकडे पाहत नसत. १७ फेब्रुवारी २०२५ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी ते वारले. त्यांच्या रक्तद्रवाने वीस लाखांहून अधिक बाळांचे रक्षण झाले, असे तेथील रक्तसेवेचे म्हणणे आहे. गंमत अशी, की त्यांच्या रक्तातील ज्या प्रतिपिंडाने इतकी बाळे वाचली, तेच एखाद्या आईच्या रक्तात आपसूक घडले तर तिचे बाळ धोक्यात येते. रक्त चांगले वा वाईट नसते. ते कोणाच्या वाटेला, केव्हा आणि किती येते, यावर सारे अवलंबून असते.

आमच्या मुलीला आता अकरावे वर्ष सरत आले आहे. तिच्या प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराला चार वर्षे होतील. तिची आई आजही वर्षातून दोनदा रक्त तपासून घेते. आकडा कधी ऐंशी हजार असतो, कधी लाखावर. तिला या विकारामुळे रक्तदान करता येत नाही. तिच्या वाटचे दान घरातील दुसरा करतो.

आपल्या धर्मग्रामांत सणाच्या निमित्ताने रक्तदान शिबिरे होतात, हे चांगले आहे. परंतु रक्तपट्टिकांची पिशवी रक्तपेढीत अवघे पाच दिवस टिकते. नाताळात दिलेली पुढच्या महिन्यात चालत नाही. मे महिन्याच्या सुटीत आणि ऐन पावसाळ्यात, जेव्हा शिबिरे नसतात, तेव्हा जवळच्या रक्तपेढीत जाऊन रक्त देणारी दहा-वीस माणसे प्रत्येक धर्मग्रामात असतील, तर कोणा तरी बाळाचा तिसरा दिवस निभावेल.

आणि कोणाच्या घरी असे बाळ आले, तर भेटीला अवश्य जावे. रस्सा न्यावा, दुपट्टी धुऊन द्यावीत, मोठ्या भावंडाला आपल्या घरी खेळायला न्यावे. आईला तिच्या रक्ताविषयी, ग्रहणाविषयी काही विचारू नये. तिने दुपारी जेवून घेतले का आणि रात्री थोडी झोप मिळाली का, एवढे विचारले तरी पुरे.